गोळीतलं ‘के’: कोणतं आणि किती?

बदलापूर गावातून एका वाचक भगिनींनी गोळ्यांच्या पट्टीचा फोटो पाठवला आहे. कॅल्शियम कार्बोनेट, ‘ड३’, मॅग्नेशियम, झिंक आणि सगळ्यात खाली ‘व्हिटॅमिन के२-७, ४५ मायक्रोग्रॅम’. आधीच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये के१ असायचं, मग हे के२ कुठून आलं, आणि दुकानात १०० मायक्रोग्रॅमचीही गोळी मिळते, ती जास्त चांगली का, असं त्यांनी विचारलं आहे. पट्टीमागची बारीक अक्षरं वाचणारे वाचक भेटले की लिहायला हुरूप येतो.

के१ वनस्पती बनवतात. प्रकाशसंश्लेषणात इलेक्ट्रॉन पुढे ढकलण्याचं काम ते हरितद्रव्याच्या शेजारी बसून करतं, म्हणून पान जितकं गडद हिरवं तितकं के१ जास्त. पावसाळ्यात बदलापूरच्या बाजारात आदिवासी बाया टाकळा, कुर्डू घेऊन बसतात. लसणाची फोडणी देऊन केलेली अशी वाटीभर भाजी दिवसाची गरज सहज भागवते. फोडणीचं तेलही महत्त्वाचं, कारण ‘के’ स्निग्धात विरघळतं. आपल्याकडे प्रौढांची गरज दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम धरतात, अमेरिकेत स्त्रियांसाठी ९० आणि पुरुषांसाठी १२०.

के२ बनवतात ते मुख्यतः जिवाणू. नावापुढचा ४ किंवा ७ हा आकडा म्हणजे रेणूच्या शेपटीतल्या तुकड्यांची संख्या. के२-७ सर्वाधिक सापडतं ते जपानच्या नात्तो या आंबवलेल्या सोयाबीनमध्ये. मुंबईच्या व्हिरिडिस बायोफार्मानेही ते किण्वनाने बनवून बाजारात आणलं. आखूड शेपटीचं के२-४ आपलं शरीर के१ पासून स्वतःच घडवतं. जपानमध्ये हाडं ठिसूळ होण्यावर ते औषध म्हणून देतात, दिवसाला ४५ मिलिग्रॅम. पट्टीवरचे ४५ मायक्रोग्रॅम आणि हे ४५ मिलिग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे. जाहिरातीत जपानी प्रयोगांचा दाखला दिसला, तर आधी हे एकक तपासावं.

काम मात्र सगळ्या ‘के’चं एकच. काही प्रथिनांना कॅल्शियम धरता यावं म्हणून त्यांच्या रेणूत जादा कार्बोक्सिल गट बसवायला ते मदत करतं. यकृतात बनणारे रक्त गोठवणारे घटक, हाडातलं ऑस्टिओकॅल्सिन, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचू न देणारं प्रथिन, सगळ्यांना ते लागतं. फरक पडतो तो प्रवासात. इथल्या वाचकांना हे समजायला सोपं आहे. सीएसएमटीहून सुटलेली कल्याण लोकल बदलापूरला आणत नाही, कर्जत किंवा बदलापूर लोकलच धरावी लागते. के१ ही कल्याण लोकल. त्यातलं बहुतेक यकृतात उतरतं आणि काही तासांत रक्तातून नाहीसं होतं. के२-७ रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या एलडीएल कणांच्या डब्यात बसून पुढे जातं, त्याचा अर्धायुकाल, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ, सुमारे तीन दिवसांचा, म्हणून हाडापर्यंत पोहोचण्याची संधी त्याला जास्त मिळते. एवढ्यावरून कंपन्या के२-७ विकतात, आणि इथवर त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

जिवाणू ‘के’ बनवतात, हा धागा मिळाला त्यामागे एक माणूस आहे आणि त्याचं नाव पाठ्यपुस्तकांत येत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. कोपनहेगनचे हेन्रिक डॅम १९२९ पासून कोंबडीच्या पिल्लांना स्निग्धरहित खाद्य देत होते आणि पिल्लं रक्तस्रावाने मरत होती. त्याच सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात मासळीच्या कुटीवर वाढवलेल्या पिल्लांनाही हाच आजार झाला. तिथल्या आधीच्या संशोधकांनी तो स्कर्व्हीसारखा मानला होता. हर्मन आल्मक्विस्ट आणि त्यांचा विद्यार्थी स्टॉकस्टॅड यांनी खाद्य ओलं करून कुजू दिलं, तर त्यात पिल्लांना वाचवणारा घटक तयार होत होता! जिवाणूच तो बनवत होते. ‘सायन्स’ने त्यांचा लेख परत पाठवला. तो ‘नेचर’मध्ये आला १९३५ च्या जुलैत, आणि डॅम यांचा लेख त्याच ‘नेचर’मध्ये एप्रिलमध्येच छापून झाला होता. १९४३ चं नोबेल डॅम आणि सेंट लुईसचे एडवर्ड डॉइझी यांना मिळालं. डॉइझींनी के२ वेगळं केलं तेही कुजलेल्या मासळीच्या कुटीतूनच. के२ ची प्रत्येक गोळी आल्मक्विस्टांच्या त्या ओल्या खाद्याचं देणं लागते.

आता मात्रेकडे. के२-७ हाडापर्यंत पोहोचतं हे खरं, पण पोहोचल्याने हाड मोडायचं टळतं का? नेदरलँड्समध्ये रजोनिवृत्त २४४ स्त्रियांना रोज १८० मायक्रोग्रॅम तीन वर्षं दिल्यावर हाडांची झीज थोडी मंदावली. नॉर्वेत ३६० मायक्रोग्रॅम वर्षभर देऊन काहीच फरक दिसला नाही. डेन्मार्कमध्ये हृदयाच्या झडपेत कॅल्शियम साचलेल्या ३६५ पुरुषांना दोन वर्षं रोज ७२० मायक्रोग्रॅम के२-७ आणि सोबत ‘ड’ दिलं. २०२२ मध्ये निष्कर्ष आला, झडपेतला कॅल्शियमचा साठा वाढण्याचं थांबलं नाही. रक्तवाहिन्या साफ करणारं जीवनसत्त्व म्हणून के२ खपवणाऱ्यांनी हा प्रयोग आधी वाचावा. याउलट के१ चा एक उपयोग निर्विवाद आहे. नवजात बाळाला जन्मतःच एक मिलिग्रॅम के१ चं इंजेक्शन दिलं, तर मेंदूतला जीवघेणा रक्तस्राव टळतो. २०१४ च्या राष्ट्रीय सूचनांत ते प्रत्येक बाळासाठी सांगितलं आहे. हजार ग्रॅमहून हलक्या बाळाला अर्धा मिलिग्रॅम.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. रोज पालेभाजी खाणाऱ्याला गोळीत के१ असो वा ४५ मायक्रोग्रॅम के२-७, फरक फार नाही, आणि १०० च्या गोळीसाठी जादा पैसे मोजायचं कारण नाही. के२-७ घ्यायचंच, तर कॅल्शियम कार्बोनेट आणि मॅग्नेशियम ऑक्साइडच्या अल्कधर्मी सहवासात ते हळूहळू नासतं हे ध्यानात ठेवून वेगळी कॅप्सूल घ्यावी, नाहीतर आवरण दिलेलं के२-७ वापरलंय का ते बघावं.

आता सर्वांत महत्त्वाचं. संधिवाती तापाने झडप खराब झालेल्या किंवा कृत्रिम झडप बसवलेल्या अनेकांना रक्त पातळ ठेवायला एसिनोकुमारॉल किंवा वॉरफरिन चालू असतं. ही औषधं ‘के’च्या कामातच अडथळा आणतात. एसिनोकुमारॉल घेणाऱ्या निरोगी स्वयंसेवकांवरच्या २०१३ मधल्या अभ्यासात अवघ्या १० मायक्रोग्रॅम के२-७ नेही काहींमध्ये औषधाचा परिणाम बदलला. घरात असं कुणी असेल, तर कॅल्शियमची नवी पट्टी सुरू करण्याआधी ती डॉक्टरांना दाखवा. पावसाळ्यात टाकळा-कुर्डू बंद करू नका, पण एकदम रोजही खाऊ नका. प्रमाण सारखं ठेवा आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी आयएनआरची तपासणी चुकवू नका.