शब्द हरवले, शहाणपण नाही

आज पेरणी-फवारणी बाजूला ठेवून घरातल्या माणसाविषयी थोडे.

"बुढ्याचं डोस्कं फिरलं जी, डवऱ्याले डवरा म्हनत नाही. 'थे आन, थे' म्हन्ते." असे बोल आपल्या कानावर येतात. पण तोच म्हातारा डवरा बरोबर धरतो, मजुरांचा हिशेब चोख ठेवतो. फक्त नाव ओठावर येत नाही. हे महिनोन्‌महिने वाढतच गेले तर ते वेड नव्हे. मेंदूतील भाषेचा भाग हळूहळू झिजण्याचा आजार असू शकतो. डॉक्टर त्याला 'प्रोग्रेसिव्ह अफेजिया' म्हणतात. सुरुवातीला समज बरीच शाबूत असते.

मात्र बोलणे अचानक बंद पडले, तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला तर तो लकवा समजावा. एक मिनिटही न दवडता दवाखाना गाठावा.

हळूहळू वाढणाऱ्या त्रासाची तपासणी यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सुरू करावी. तेथून नागपूरला मेंदूच्या डॉक्टरकडे पाठविले तर टाळू नये. कोणते शब्द केव्हापासून अडतात, ते कागदावर लिहून न्यावे.

हा आजार मुळातून बरा करणारे औषध आज नाही. मग स्पीच थेरपी कशाला? तर उरलेले शब्द जास्त दिवस टिकावेत आणि शब्द गेल्यावरही मनातले सांगता यावे म्हणून. त्यासाठी एक चित्रवही करा. घरची माणसे, बैलजोडी, विहीर, भाकर, औषधाची गोळी यांचे फोटो चिकटवा. बोट ठेवले की काम भागते. घरी गोरमाटी, कोलामी किंवा गोंडी बोलत असाल तर थेरपिस्टला आधीच सांगा. सराव घरच्या भाषेतच व्हावा.

घरात एका वेळी एकानेच बोलावे, टीव्ही बंद ठेवावा. "चहा की पानी?" असे दोन्ही दाखवून विचारावे. चारचौघांत "सांग पाहू, हे काय?" अशी परीक्षा घेऊ नये. त्याचे वाक्य पुरे करण्याची घाईही नको.

समज शाबूत आहे तोवरच बँकेतील वारसाचे नाव, मृत्युपत्र, जमिनीचे कागद त्याच्या मर्जीने उरकावेत. बोलता येत नाही म्हणून त्याला वगळून वाटणी करणे हा अन्याय आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अफेजियामुळे आलेले कायमचे वाचा-भाषा अपंगत्व धरलेले आहे. प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व ठरल्यास कायद्यातील विशेष सवलतींसाठी पात्रता येते.

अशा माणसाची सेवा बहुधा घरची बाईच करते. तिला आठवड्यातून एक दिवस तरी मोकळा द्या. मन फार जड झाले तर 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मोफत बोलता येते.

चित्रवहीला शाळेची एक कोरी वही पुरते. माणूस बोलता आहे तोवरच, त्याला शेजारी बसवून, ती सुरू करा.