मांजर सोडून येण्याआधी

घरात मांजर आहे आणि कुणाला तरी रोज सकाळी शिंका येतात, डोळे चुरचुरतात, असे कळले की शेजारी आणि नातेवाईक एकच उपाय सुचवतात : मांजर सोडून या. मग एखाद्या संध्याकाळी पिशवीतून नेलेले मांजर मासळी बाजाराजवळ किंवा दूरच्या देवळापाशी सोडले जाते. घरात वाढलेल्या मांजराला अन्न शोधायची सवय नसते, तिथली मांजरे त्याला जवळ उभे करत नाहीत. आणि एवढे करूनही शिंका थांबतीलच असे नाही. ॲलर्जी खरी असते, तिचा त्रासही खरा असतो. पण हा निर्णय ऐकीव गोष्टींवर होऊ नये असे मला फार मनापासून वाटते.

सर्वांत पक्का बसलेला समज केसांचा. ‘मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो’ हे आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी आजीकडून ऐकलेले असते. कुणी घटसर्पाचेही नाव घेते. घटसर्प जिवाणूंमुळे होतो, तो मुख्यतः एका माणसाकडून दुसऱ्याला होतो आणि त्यावर लस आहे. पोटात गेलेला एखाददुसरा केस शौचावाटे निघून जातो. ॲलर्जी असते ती मांजराच्या शरीरात तयार होणाऱ्या प्रथिनांची, आणि त्यांतले प्रमुख आहे ‘फेल डी १’. मांजराची ॲलर्जी असलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांचे शरीर याच प्रथिनाविरुद्ध प्रतिक्रिया देते. ते लाळेत असते, त्वचेतल्या तैलग्रंथींतही असते. मांजर दिवसभर अंग चाटते, लाळ केसांवर वाळते आणि त्वचेच्या सूक्ष्म कोंड्याबरोबर हवेत जाते. केस हे फक्त त्याचे वाहन.

या कणांचा आकार लक्षात घेतला की पुष्कळ कोडी सुटतात. त्यांतले बरेचसे पाच मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचे, म्हणजे डस्ट माइटचे, ॲलर्जीकारक कण जड असतात; गादी झटकली की उडतात आणि लवकरच खाली बसतात. मांजराचे कण मात्र तासन्‌तास तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जातात. म्हणून मांजर समोर नसलेल्या खोलीत पाऊल टाकल्याबरोबर एखाद्याचे नाक वाहू लागते. हे कण कपड्यांना चिकटून बस, शाळा, ऑफिस असे सगळीकडे फिरतात. अमेरिकेत घरांच्या एका मोठ्या पाहणीत ९९.९ टक्के घरांत ‘फेल डी १’ सापडले होते. त्यांतल्या बहुसंख्य घरांत मांजर नव्हतेच.

यातूनच दुसरा गैरसमज मोडतो : बिनकेसाचे किंवा अमुक जातीचे मांजर घेतले की ॲलर्जी होत नाही. स्फिंक्स जातीच्या मांजराला जवळजवळ केस नसतात, पण लाळ आणि तैलग्रंथी असतातच. सायबेरियन मांजरांविषयीही असेच दावे होतात. ॲलर्जी होणारच नाही अशी कुठलीही जात आजवर सिद्ध झालेली नाही. फरक असतो तो जातीपेक्षा एकेका मांजरात, आणि तो बराच मोठा असू शकतो. नसबंदी न केलेल्या बोक्यात हे प्रथिन सहसा जास्त असते, नसबंदीनंतर ते कमी होते. त्यामुळे ॲलर्जी असलेल्याने मांजर आणायचे ठरवले, तर आधी नेमक्या त्याच मांजराच्या सहवासात अनेकदा वेळ घालवून बघावे. ‘हायपोॲलर्जेनिक’ म्हणून दामदुप्पट पैसे मोजू नयेत.

आता मूळ प्रश्न : शिंका मांजरामुळेच येतात का? मुंबई-कोकणच्या दमट हवेत डस्ट माइट गाद्या-उशांत आरामात वाढतात. भिंतींवरची बुरशी आणि झुरळे हीदेखील ॲलर्जीची नेहमीची कारणे आहेत. दोष मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या मांजराला लागतो. ॲलर्जीतज्ज्ञाकडे त्वचेवर टोचून करायची चाचणी किंवा रक्तातील आयजीई तपासणी करून घेता येते. त्वचाचाचणीआधी ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागतात. त्या किती दिवस आणि कशा थांबवायच्या हे डॉक्टरांनाच विचारावे. चाचणी होकारार्थी आली एवढ्यावरही निष्कर्ष निघत नाही, लक्षणे तिच्याशी जुळावी लागतात.

बरेच जण घरच्या घरी एक परीक्षा करतात : मांजर आठवडाभर मावशीकडे ठेवायचे आणि शिंका थांबतात का ते बघायचे. या परीक्षेतून काहीच कळत नाही. मांजर गेल्यानंतर घरातले ‘फेल डी १’ बिनमांजराच्या घराइतके खाली यायला साधारण चार ते सहा महिने लागतात. सोफा, गाद्या, पडदे ते धरून ठेवतात. त्यापेक्षा त्रास होणाऱ्या माणसानेच काही दिवस दुसरीकडे राहून पाहिले तर थोडा अंदाज येतो, पण त्यावरही पूर्ण विसंबू नये.

‘राहून राहून सवय होते’ हे अर्धसत्य आहे. काहींचे शरीर सततच्या संपर्काने खरोखर शांत होते; सुट्टीत वसतिगृहातून परतलेल्या मुलाला आपल्याच मांजराचा अचानक त्रास होतो, तो यामुळेच असू शकतो. पण काहींची ॲलर्जी वाढत जाऊन नाकातून छातीत उतरते. आपण कुठल्या गटात आहोत हे आधी सांगता येत नाही, म्हणून औषधाविना सोसत राहणे धोक्याचे. लहान बाळाचेही तसेच. मांजरासोबत वाढल्याने ॲलर्जी टळते की वाढते यावर अभ्यासांचे एकमत नाही. तेव्हा निव्वळ ॲलर्जीच्या धास्तीने बाळाच्या जन्माआधी मांजर घालवू नये, आणि ॲलर्जी टळावी म्हणून मुद्दाम आणूही नये.

मांजर ठेवायचे ठरले, तर हवेतले आणि घरातले प्रमाण कमी करायचे. एकच रामबाण उपाय नाही, चारपाच गोष्टी मिळून फरक पडतो. पहिली आणि सर्वांत अवघड : झोपायची खोली मांजराला कायमची बंद. आपण आयुष्याचा तिसरा हिस्सा तिथे काढतो. दार ओरबाडणाऱ्या मांजरापुढे मन घट्ट करावे लागते, पण तडजोड करायची नाही ती इथेच. आपल्या घरांची एक जमेची बाजू आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरायची पद्धत आपल्याकडे नाही आणि फरशी रोज पुसता येते. कोरडा केर काढल्याने कण उडतात, म्हणून ओला फडका बरा. छताच्या पंख्याच्या पात्यांवरची धूळही पुसावी, नाहीतर तो सुरू होताच ती सगळीकडे पसरते. चादरी, अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात धुवावेत. मांजराला विंचरणे आणि त्याची लिटरची पेटी साफ करणे हे काम ॲलर्जी नसलेल्याने घ्यावे. हेपा फिल्टरचा एअर प्युरिफायर हवेतले कण कमी करतो, पण सोफ्यात साठलेल्यांचे काही करू शकत नाही.

मांजराला आंघोळ घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तिने प्रमाण घटते हे खरे, पण काही दिवसांत ते पूर्ववत होते. दर दोन दिवसांनी मांजराला पाण्यात बुडवायचे हाल त्याचे आणि आपलेही. एक आशादायक गोष्ट २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘फेल डी १’ला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे कोंबडीच्या अंड्यात तयार करून ती मांजराच्या खाण्यात मिसळली, तेव्हा तिसऱ्या आठवड्यापासून केसांवरचे सक्रिय प्रथिन सरासरी ४७ टक्क्यांनी घटले. मांजराच्या तब्येतीला त्याने अपाय झाला नाही. प्रमाण निम्म्यावर आले, शून्यावर नाही. तरी सौम्य ॲलर्जी असलेल्याला तेवढेही पुरू शकते.

औषधांबद्दलची भीतीही अनाठायी आहे. नाक सतत चोंदत असेल तर गोळीपेक्षा नाकातला स्टेरॉइड स्प्रे अधिक उपयोगी पडतो, मात्र तो रोज आणि योग्य तऱ्हेने मारावा लागतो. पूर्ण गुण यायला काही दिवस जातात. इन्हेलरची सवय लागते हा समज तर घातक आहे. त्यातले औषध थोडे असते आणि थेट फुप्फुसात पोचते. ते भीतीने टाळणाऱ्याचाच दमा बळावतो. १९११ साली लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी परागकणांच्या ॲलर्जीवर सुरू केलेली इम्युनोथेरपी मांजराच्या ॲलर्जीसाठीही वापरतात. ती तीन ते पाच वर्षे चालते, तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायची असते, आणि दमा आटोक्यात नसताना सुरू करत नाहीत.

छातीत घरघर, रात्री खोकल्याने जाग, जिना चढताना धाप अशी लक्षणे असतील तर आधी फुप्फुसे, मग मांजर. नियमित औषधे घेऊनही दमा आटोक्यात येत नसेल आणि मांजर हेच कारण असल्याची खात्री झाली असेल, तर त्याला दुसरे घर द्यावेच लागते. त्यात अपराध नाही. पण घर द्यायचे, टाकून यायचे नाही. उपासमारीने त्याचे हाल होतील अशा ठिकाणी सबळ कारणाशिवाय जनावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. घर शोधायला वेळ लागतो. तोवर झोपायची खोली बंद ठेवावी आणि औषध चालू ठेवावे. नव्या माणसांना मांजराच्या लशी, नसबंदी, खाणे आणि खोडी सगळे सांगावे, त्याची नेहमीची चादर सोबत द्यावी. ते गेल्यावर घरातले पडदे, सोफ्याची आवरणे, गाद्या धुऊन-उन्हात घालून घ्याव्यात, आणि गुण आला की नाही हे निदान चार महिन्यांनी ठरवावे.