संगणकाचा फेरा आणि भास्कराचार्यांचे चक्रवाल

मुडबी हे बिदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातील, कलबुर्गीच्या सीमेकडील गाव. तेथील एखादा विद्यार्थी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत आहे आणि सुट्टीत घरी आला असता एका जुन्या संगणकावर त्याने एक कोडे सोडवावयास घेतले आहे, अशी कल्पना करावी. कोडे दिसावयास अगदी साधे. एखाद्या पूर्ण संख्येचा वर्ग करावा, त्यास ६७ ने गुणावे आणि त्यात १ मिळवावा. येणारी संख्याही पूर्ण वर्गच असली पाहिजे. अशी लहानात लहान संख्या कोणती?

सरळ मार्ग असा की, प्रथम १ घेऊन पाहावे, मग २, मग ३, आणि जमेपर्यंत पुढे जात राहावे. हेच काम संगणकाकडून करवून घेण्यासाठी जी रचना करतात तिला लूप म्हणतात. त्याच त्या सूचना संगणक पुन्हा पुन्हा पाळतो. दर फेऱ्यास संख्या तेवढी एकाने वाढते. घाण्याचा बैल जसा किती फेरे उरले हे विचारीत नाही, तसाच हाही विचारीत नाही.

६७ चे उत्तर ५,९६७ हे होय. संगणकास पाच-सहा हजार फेरे म्हणजे काहीच नव्हे. पापणी लवते न लवते तोच उत्तर पडद्यावर येते. विद्यार्थी खूष होतो आणि ६७ च्या जागी ६१ घालतो. संख्या लहान, तेव्हा उत्तरही लवकर यावे, अशी त्याची स्वाभाविक अपेक्षा. पण येथेच तो फसतो. ६१ चे उत्तर आहे २२,६१,५३,९८०. सेकंदास दहा लक्ष फेरे धरले तरी यास पावणेचार मिनिटांहून अधिक वेळ लागेल. तो कसाबसा धीर धरतो आणि नंतर १०९ घालून पाहतो. रात्र सरते, सकाळ होते, तरी पडदा कोराच. शेवटी तो पुण्याच्या चुलतभावास कळवितो, “दादा, प्रोग्रॅम अडकला आहे. काय करू?”

मदत मागणाऱ्या बहुतेकांचे पहिले वाक्य असेच असते, आणि त्यातून मदत करणाऱ्यास काहीही कळत नाही. वैद्याकडे जाऊन नुसते ‘बरे वाटत नाही’ म्हणावे, त्यातलाच हा प्रकार. जाणता दादा उलट विचारील: “कोणत्या संख्येला चालला आणि कोणत्या संख्येला अडला? किती फेरे झाले? एक लक्ष फेऱ्यांना किती वेळ लागतो? आणि दर फेऱ्यात तू नेमके काय काय करतोस?” ही उत्तरे जमवू लागले की अर्धा रोग आपोआप दिसू लागतो. कित्येकदा असे आढळते की, दर फेऱ्यास संख्या पडद्यावर छापली जात आहे, आणि मूळ गणितापेक्षा छपाईसच अधिक वेळ जात आहे. दर दहा लक्ष फेऱ्यांनंतर एकदा छापले म्हणजे पुरते.

दुसरी एक चूक याहून घातक आहे. संख्या पूर्ण वर्ग आहे की नाही हे पाहण्यासाठी विद्यार्थी दशांश अपूर्णांकांत वर्गमूळ काढतो. संगणकाचे नेहमीचे अपूर्णांकगणित सुमारे १५-१६ अंकांपर्यंतच खात्रीचे असते, आणि ६१ च्या उत्तरातील वर्ग तर १९ अंकी आहे. तेव्हा असा प्रोग्रॅम मध्येच थांबून चुकीचे उत्तर देण्याचा संभव असतो. उशिरा आलेल्या उत्तरापेक्षा झटपट आलेले चुकीचे उत्तर केव्हाही वाईट. ते कोणी तपाशीत नाही.

या दुरुस्त्यांनी फेरा हलका होईल, पण फेऱ्यांची संख्या तेवढीच राहील. १०९ चे उत्तर १,५१,४०,४२,४४,५५,१०० हे आहे. सेकंदास दहा लक्ष या वेगाने तेथवर पोहोचण्यास १७५ दिवस हवेत. घरच्यांनी पैसे जमवून दुप्पट वेगाचा संगणक घेतला, तरी जवळजवळ तीन महिने! खेड्यातल्या मुलास यंत्र बदला असा सल्ला देणे सोपे असते. येथे तो सल्ला नुसता महागच नव्हे, तर निरुपयोगीही आहे.

६१ चे हे कोडे नवे नाही. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात ६७ आणि ६१ ही दोन्ही उदाहरणे घेतली आहेत. त्या काळी मुडबीच्या शेजारचे कल्याण ही चालुक्यांची राजधानी होती. एकेक संख्या घेऊन पाहत गेले असते आणि दर मिनिटास एक असे अहोरात्र गणित केले असते, तर ६१ च्या उत्तरास सुमारे ४३० वर्षे लागली असती. आचार्यांनी जी रीत सांगितली तिचे नाव चक्रवाल. हाही एक फेराच. पण घाण्याचा नव्हे.

साधा लूप मागील फेऱ्यातून काहीच शिकत नाही. चक्रवालात मात्र हुकलेले उत्तर फेकून देत नाहीत. ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१ हून ३ ने अधिक. ही तीनची चूक हाताशी धरून पुढच्याच फेऱ्यात ३९ आणि ५ ही जोडी मिळते. ३९ चा वर्ग १,५२१ आणि ५ च्या वर्गाची ६१ पट १,५२५. चूक आता ४ ची, पण उलट्या बाजूची. मधल्या २, ३, ४ यांच्याकडे पाहावेही लागले नाही. येथून ब्रह्मगुप्ताची भावना नावाची युक्ती कामी येते. ब्रह्मगुप्ताने ती ६२८ मध्ये दिली होती. दोन हुकलेल्या जोड्यांचा विशिष्ट गुणाकार करून तिसरी जोडी काढावयाची, हे तिचे स्वरूप. तिने २९,७१८ आणि ३,८०५ ही जोडी येते, जिच्यात चूक केवळ एकाची उरते. या दोहोंचा गुणाकार करून दुप्पट केली की २२,६१,५३,९८० हे उत्तर हाती पडते. कागद-पेन्सिल घेऊन कोणीही पडताळून पाहावे.

फ्रान्सच्या फर्मानेही १६५७ मध्ये आपल्या समकालीनांपुढे ६१ आणि १०९ याच संख्या ठेवल्या होत्या, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

चक्रवालाने लिहिलेला प्रोग्रॅम १०९ चे उत्तर त्याच जुन्या यंत्रावर क्षणार्धात देतो. तथापि दादाचा एक प्रश्न राहिलाच. प्रोग्रॅम मंद आहे, की कधी थांबणारच नाही? बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. ६१ च्या जागी ६४ घातल्यास साधा लूप अनंत काळ फिरत राहील. कारण ६४ हा स्वतःच वर्ग असल्याने त्याची पट पूर्ण वर्गच येते, आणि त्यात १ मिळविल्यावर पुन्हा पूर्ण वर्ग येणे शक्य नाही. चक्रवाल मात्र, संख्या वर्ग नसल्यास, नेहमी उत्तरापाशी पोहोचतेच, हे म्हैसूरचे गणिती ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९-३० च्या सुमारास सिद्ध करून दाखविले. म्हणून त्या विद्यार्थ्याने लूपच्या अगोदर एक ओळ घालावी: दिलेली संख्या पूर्ण वर्ग असेल, तर फेऱ्यात शिरूच नये.