सुरुवातीची फाइल अर्धवटच द्यावी

नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून 2016 पासून शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहू लागल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठीच्या या लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटर असतो. त्यावर छापायची वस्तू मुलांनी स्वतः घडवावी म्हणून बरेच शिक्षक टिंकरकॅड वापरतात. ऑटोडेस्क कंपनीचं हे फुकट साधन ब्राउझरमध्येच चालतं. पण वर्ग ऑनलाइन असला की बराच वेळ कोऱ्या पटलावर जातो. कोणाचा ठोकळा 20 मिलिमीटरचा, कोणाचा 200चा, तर कोणाचा चक्क हवेत. म्हणून सगळ्यांच्या हाती आधी एक सुरुवातीची फाइल द्यायची.

ती कशी देऊ नये, ते आधी पाहू. व्हॉट्सॲप ग्रुपवर एसटीएल फाइल टाकणं सोपं वाटतं. एसटीएलमध्ये मात्र वस्तूचा फक्त पृष्ठभाग असतो, त्रिकोणांच्या जाळीने मांडलेला. भोक कोणत्या आकाराने पाडलं, अक्षरं वेगळी होती का, याची कसलीही नोंद त्यात नसते. मुलीने ती टिंकरकॅडमध्ये आणली की एकसंध ढेकूळ मिळतं, आणि 'अनग्रुप' करून त्याचे सुटे भाग काही निघत नाहीत. छापायला ते पुरेसं आहे, शिकायला नाही. दुसरा मार्ग एकत्र काम करण्याच्या लिंकचा. तिच्यातून सगळे एकाच डिझाइनमध्ये शिरतात. दोघांच्या जोडीला हे उत्तम; अख्ख्या वर्गाला दिलीत तर एकाने ठेवलेलं अक्षर दुसरा उडवणार, आणि उडणार ते तुमच्या मूळ फाइलमधून.

प्रत्येकाला हवी स्वतंत्र प्रत. त्यासाठी टिंकरकॅडच्या 'क्लासेस' विभागात वर्ग तयार करून मुलांची यादी भरा आणि प्रत्येकाला एक टोपणनाव द्या. मुलं वर्गाचा कोड आणि ते टोपणनाव टाकून आत येतात, ईमेल लागत नाही. सहावी-सातवीच्या वर्गाला याहून मोठी सोय नाही. मग वर्गात एक 'ॲक्टिव्हिटी' उघडून त्यात सूचना लिहा आणि तुमचं डिझाइन जोडा. मूल त्याची प्रत काढून त्यावर काम करतं आणि मूळ डिझाइन तसंच राहतं.

प्रत निघाली की तिचा मुळाशी संबंध संपतो. नंतर तुम्ही मूळ फाइल सुधारलीत तरी आधी काढलेल्या प्रती जुन्याच राहतात. म्हणून वर्गाला देण्याआधी स्वतः एक प्रत काढून सगळा धडा तिच्यावर करून बघावा.

आता खरा प्रश्न, फाइलमध्ये ठेवायचं काय? किचेन घ्या. 60 × 20 × 3 मिलिमीटरची पट्टी तयार ठेवा आणि 'लॉक' करा, म्हणजे ती चुकून हलणार नाही. भोकासाठी 5 मिलिमीटर व्यासाचं नळकांडं शेजारी नुसतं ठेवून द्या. ते जागेवर नेऊन 'होल' करणं, मग पट्टीचं कुलूप काढून दोन्हींचा ग्रुप करणं, हे मुलाने करायचं. तेही तुम्हीच करून दिलंत तर त्याच्यासाठी फक्त नाव टाइप करणं उरतं, आणि ते काम वर्डमध्येही होतं.

टिंकरकॅडमधल्याच सर्किटच्या धड्यात हे आणखी रंगतं. ब्रेडबोर्ड, आर्डुइनो उनो आणि लाल एलईडी मांडा. एलईडी 5 व्होल्टच्या पिनला थेट जोडा आणि रेझिस्टर मुद्दाम वगळा. सिम्युलेशन सुरू करताच एलईडीतून 20 मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जातोय असा इशारा येतो. मुलांनी 220 ओहमचा रेझिस्टर घातला की हिशोब बसतो. एलईडीवर साधारण 2 व्होल्ट पडतात, उरलेल्या 3 व्होल्टला 220 ने भागलं की सुमारे 14 मिलिअँपिअर. काही जळत नाही, आणि ओहमचा नियम फळ्यावर न लिहिता समजतो.

वर्ग गूगल क्लासरूमवर असेल तर 'मेक अ कॉपी फॉर ईच स्टुडंट' हा पर्याय डॉक्स, स्लाइड्ससारख्या फाइलींसाठी आहे; टिंकरकॅडच्या लिंकला तो लागू होत नाही. आराखड्याचा कागद स्लाइड्समध्ये द्यायचा असेल तर हा पर्याय असाइनमेंट पाठवण्याआधीच निवडावा लागतो.

छपाईच्या वेळी मात्र एसटीएल लागतेच. त्यामुळे प्रत काढल्याबरोबर डिझाइनच्या नावात स्वतःचं टोपणनाव घालायला सांगा. नाहीतर प्रिंटरच्या संगणकावर एकाच नावाच्या तीस-चाळीस फाइली जमतात आणि कोणतं किचेन कोणाचं हे शोधण्यात तास निघून जातो.