घटक ४ : नागरिकशास्त्राचे अध्यापन – पुस्तकातील भाषा आणि परिसरातील अनुभव

४.० उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन पूर्ण झाल्यावर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील.
• शालेय नागरिकशास्त्राच्या अध्यापनाचे प्रयोजन स्पष्ट करता येईल.
• या विषयाच्या पाठ्यभाषेतील वाक्यरचनेचा विद्यार्थ्यांच्या आकलनावर होणारा परिणाम सांगता येईल.
• परिसरातील एखाद्या प्रश्नाच्या आधारे पाठाची आखणी करता येईल.
• या विषयाचे अध्यापन करताना शिक्षकाने पाळावयाची पथ्ये नमूद करता येतील.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण शासनव्यवहारातील मराठीचे स्वरूप पाहिले. ही भाषा सर्वसामान्य माणसाच्या कानावर पहिल्यांदा पद्धतशीरपणे पडते ती शाळेत, आणि तीही बहुधा नागरिकशास्त्राच्या तासाला. ‘ग्रामसभा’, ‘उद्देशिका’, ‘मूलभूत हक्क’, ‘विकेंद्रीकरण’ हे शब्द आपण तेथेच शिकलो. शाळा सोडून अनेक वर्षे लोटल्यानंतर आपणांपैकी काहींना हे शब्द आठवत असतील, परंतु आपल्या गावची ग्रामसभा शेवटी केव्हा झाली, हे कदाचित सांगता येणार नाही. शब्द आणि व्यवहार यांच्यातील हे अंतर हाच प्रस्तुत घटकाचा विषय आहे.

आपणांपैकी काहीजण शिक्षक आहेत, काही पालक आहेत, काही पंचायतीचे सदस्यही असतील. म्हणून हे विवेचन वाचताना आपला स्वतःचा अनुभव शेजारी ठेवावा, अशी अपेक्षा आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ प्रजा ते नागरिक

‘नागरिक’ हा शब्द ‘नगर’ या शब्दापासून बनला असून त्याचा मूळ अर्थ नगरात राहणारा असा आहे. आज आपण तो खेड्यातील, पाड्यावरील आणि शहरातील माणसाला सारख्याच अर्थाने वापरतो. त्याआधी सामान्य माणसासाठी ‘रयत’ आणि ‘प्रजा’ हे शब्द रूढ होते. रयतेने सारा भरावा आणि राजाने तिचे रक्षण करावे, असा तो संबंध होता. रयतेला गाऱ्हाणे मांडता येत असे, मात्र निर्णयात तिचा वाटा नसे. ‘मायबाप सरकार’ हा शब्दप्रयोग याच संबंधातून आला आहे.

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेने संविधान स्वीकारले आणि २६ जानेवारी १९५० पासून ते अमलात आले. त्याची उद्देशिका मराठीत वाचताना एक गोष्ट भाषेच्या अभ्यासकाच्या ध्यानात यावी. तिचा आरंभ ‘आम्ही’ या सर्वनामाने होतो. संविधान देणारे आणि ते स्वीकारणारे लोक एकच आहेत, हे त्या एका दीर्घ वाक्याच्या रचनेतूनच व्यक्त होते. वाक्यातील कर्ता बदलला आणि त्याबरोबर रयतेचा नागरिक झाला.

तथापि कागदावरील हा बदल मनात आपोआप उतरत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेतील भाषणात संविधानिक नैतिकतेचा उल्लेख करून ती स्वाभाविक भावना नसून जोपासावी लागते, असे प्रतिपादन केले होते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांतील विसंगतीचा इशारा दिला. नागरिकशास्त्राच्या अध्यापनाचे प्रयोजन या दोन विधानांत सापडते. जी गोष्ट जोपासावी लागते ती शिकवावीही लागते, आणि जी विसंगती आहे ती मुलांपासून लपवून चालत नाही.

या विषयाच्या नावाबाबतही विचार झालेला आहे. वसाहतकाळात नागरिकशास्त्राचा हेतू राज्यकर्त्यांशी निष्ठा बाळगणारा आज्ञाधारक माणूस घडविणे हा होता, या जाणिवेतून राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्ये ‘राज्यशास्त्र’ हे नाव सुचविले गेले. महाराष्ट्रात गेल्या दशकातील पाठ्यपुस्तकांत सहावी ते आठवीसाठी ‘नागरिकशास्त्र’, तर नववी-दहावीसाठी ‘राज्यशास्त्र’ असे नाव आढळते. अर्थात नाव बदलल्याने अध्यापनपद्धती बदलतेच असे नाही.

४.२.२ कर्ता हरवलेली वाक्ये

पुढील वाक्ये वाचा.

(अ) गावाला पाणीपुरवठा केला जातो.
(आ) रस्त्यांची दुरुस्ती करण्यात येते.
(इ) ग्रामसभेत विकासकामांवर चर्चा केली जाते.

नागरिकशास्त्राच्या टिपणांत आणि उत्तरपत्रिकांत अशा वाक्यांची रेलचेल असते. व्याकरणदृष्ट्या ती निर्दोष आहेत. मराठीत या रचनेला आपण नवीन कर्मणी प्रयोग म्हणतो. शासनव्यवहारात तिला स्थानही आहे, कारण तेथे व्यक्तीपेक्षा पद आणि कृती महत्त्वाची असते. परंतु शिकणाऱ्या मुलाच्या दृष्टीने तिच्यात एक अडचण आहे. पाणी कोण पुरविते, दुरुस्ती कोण करते, चर्चा कोण करते, हे त्यातून कळत नाही. पाऊस पडतो तसा पाणीपुरवठा होतो, अशी समजूत त्यातून होऊ शकते. मग पाणी आले नाही तर विचारणा कोणाकडे करावयाची, हा प्रश्नच मनात उमटत नाही.

यावर एक साधा उपाय वर्गात करता येतो. असे प्रत्येक वाक्य कर्त्यासह पुन्हा लिहावयास सांगावे. “आमच्या गावाला ग्रामपंचायत पाणी पुरविते. त्यासाठी आम्ही पाणीपट्टी भरतो. ग्रामपंचायतीचे सदस्य आमच्या पालकांनी निवडून दिले आहेत.” एका वाक्याची तीन वाक्ये झाली आणि पहिल्या वाक्यात नसलेली तीन माणसे त्यांत आली. मराठीच्या तासाला शिकविलेल्या प्रयोगविचाराचा असा उपयोग फारच थोड्या विद्यार्थ्यांना दाखविला जातो.

अर्जाच्या भाषेबाबतही हेच म्हणता येईल. “उपकार होतील”, “मेहेरबानी करावी” असे शब्द विद्यार्थी सहज लिहितात. नम्रता हा भाषिक शिष्टाचार आहे आणि तो सोडण्याचे कारण नाही. परंतु जे मिळणे हा आपला हक्क आहे, ते मागताना उपकाराची भाषा वापरली की लिहिणारा पुन्हा रयतेच्या जागी जाऊन बसतो. ‘विनंती’ आणि ‘याचना’ यांतील फरक विद्यार्थ्यांना शब्दांच्या पातळीवर दाखवून देणे आवश्यक आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
आपल्या घरी आलेले कोणतेही शासकीय पत्र किंवा सूचना घ्या. तिच्यातील कर्ता नसलेली वाक्ये अधोरेखित करा आणि ती कर्त्यासह पुन्हा लिहा. कोणत्या वाक्याचा कर्ता आपल्यालाही सांगता आला नाही?

४.२.३ एका पाठाची आखणी : ग्रामसभा

ग्रामीण स्थानिक शासन हा भाग सहावीत शिकविला जातो. ७३ व्या संविधान दुरुस्तीने ग्रामसभेला संविधानात स्थान मिळाले. ही दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. ग्रामपंचायतीच्या मतदारयादीतील सर्व मतदार मिळून ग्रामसभा बनते. ही माहिती पाच मिनिटांत सांगून होते आणि तितक्याच लवकर विसरली जाते. हाच पाठ पुढील टप्प्यांनी घेता येईल.

पहिला टप्पा : प्रश्न निवडणे. शाळेच्या नळाला आठवड्यातून दोनच दिवस पाणी येते, असे समजा. मुलांनी आठ दिवस रोज नोंद ठेवावी. कोणत्या दिवशी, किती वाजता आणि किती वेळ पाणी आले, हे वहीत लिहावे.

दुसरा टप्पा : जबाबदारी शोधणे. हे काम कोणाचे? टाकी कोणाची, पंप कोण चालवितो, वीजबिल कोण भरते? पाठ्यपुस्तकातील ग्रामपंचायतीच्या कामांची यादी येथे उघडावी. आता ती यादी पाठ करण्याची राहत नाही, तिच्यात काहीतरी शोधावयाचे असते.

तिसरा टप्पा : सर्व बाजू ऐकणे. मुलांनी पंप चालविणाऱ्याला, सरपंचांना आणि शेवटच्या वस्तीवरील एखाद्या आजीला प्रश्न विचारावेत. पंपाचे बिल थकले आहे, पाणीपट्टी अनेकांनी भरलेली नाही, शेवटच्या वस्तीवर शाळेपेक्षाही कमी पाणी येते, अशा गोष्टी समोर येतील. आपली तक्रार खरी असली तरी ती एकटीच नाही, हे मुलांना कळेल. हा टप्पा वगळला तर पाठाचे रूपांतर केवळ तक्रारीत होते.

चौथा टप्पा : अर्ज लिहिणे. नोंदींच्या आधारे नेमकी मागणी करावी. “पाण्याची गैरसोय होते” यापेक्षा “आठ दिवसांपैकी सहा दिवस शाळेच्या वेळेत पाणी आले नाही” हे वाक्य अधिक परिणामकारक ठरते. मुले मतदार नसल्यामुळे ग्रामसभेची सदस्य नसतात. म्हणून हा अर्ज मुख्याध्यापक किंवा पालक यांच्यामार्फत द्यावा.

पाचवा टप्पा : पाठपुरावा. अर्जाची पोच घेणे, उत्तराची वाट पाहणे आणि उत्तर न आल्यास पुढचा मार्ग शोधणे, हेही नागरिकत्वाचेच शिक्षण आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये सामान्यतः तीस दिवसांच्या आत माहिती देणे बंधनकारक असते, ही गोष्ट येथे सांगता येईल.

पाणी सुरळीत झाले नाही, तर पाठ फसला असे समजू नये. मात्र मुलांना अपयशाचे कारण शोधू द्यावे. सर्व काही सुरळीत चालते असे शिकविलेला विद्यार्थी पहिल्याच अनुभवानंतर लोकशाहीवरचा विश्वास गमावण्याची शक्यता अधिक असते.

४.२.४ रिकामा बाक

“शिक्षण हा मूलभूत हक्क आहे : चूक की बरोबर?” या प्रश्नाचे अपेक्षित उत्तर ‘बरोबर’ असे आहे. संविधानातील कलम २१क नुसार सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांना तो हक्क मिळालेला आहे, आणि त्यासाठीचा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आता बीड जिल्ह्यातील एखाद्या गावातील वर्ग नजरेसमोर आणा. दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. त्यांच्याबरोबर काही मुलेही जातात. जो विद्यार्थी ‘बरोबर’ असे लिहीत आहे, त्याच्या शेजारचा बाक रिकामा आहे.

शिक्षकाने येथे काय करावे? रिकाम्या बाकाकडे पाहून गप्प राहणे सोपे आहे. परंतु वर्गातील प्रत्येक मूल तो बाक पाहत असते. पुस्तकातले हक्क आणि गावातले जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा ते शिक्षकाच्या मौनातून शिकते. म्हणून हा प्रश्न पटलावर घ्यावा. तो मित्र आता कोठे आहे? तेथे जवळ शाळा आहे का? शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास उशीर झाला, या कारणावरून त्याला प्रवेश नाकारता येतो का? कायद्यानुसार तसा प्रवेश नाकारता येत नाही. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय गावात आहे का, हेही विचारावे.

परत आलेल्या मुलाला या चर्चेत दयेचा विषय करू नये. ‘उचल’, ‘मुकादम’, ‘कोयता’ या शब्दांचे अर्थ त्याला शिक्षकापेक्षा अधिक नेमके ठाऊक असतात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात, हे त्याने सांगितले, की श्रम, मजुरी आणि स्त्रीच्या कामाची मोजणी यांविषयीचा पाठ वर्गातच सुरू होतो. त्या दिवशी सांगणारा तो असतो आणि ऐकणारे इतर असतात. उद्देशिकेतील ‘आम्ही’मध्ये तोही आहे, हे त्याला यापेक्षा स्पष्टपणे सांगता येणार नाही.

४.२.५ शिक्षकाने पाळावयाची पथ्ये

या पद्धतीत काही धोके आहेत. शिक्षकाने स्वतःचे राजकीय मत मुलांवर लादू नये. मतभेद असलेल्या प्रश्नावर किमान दोन बाजू मांडाव्यात. मुलांना कोणाच्याही विरोधात साधन म्हणून वापरू नये. एखाद्या मुलाच्या घरची स्थिती त्याच्या इच्छेविरुद्ध चव्हाट्यावर आणू नये. आणि मुख्य म्हणजे वर्गातील व्यवहार पाठाशी सुसंगत ठेवावा. वर्ग झाडण्याचे काम फक्त मुलींना किंवा विशिष्ट मुलांनाच सांगून, पुढच्या तासाला समतेचा हक्क शिकविता येत नाही.

४.३ सारांश

नागरिकशास्त्र हा रयतेचा नागरिक घडविण्याच्या प्रक्रियेचा शालेय भाग आहे. कर्ता हरवलेल्या पाठ्यभाषेमुळे जबाबदारी अदृश्य होते. वाक्यात कर्ता परत आणला की प्रश्न विचारता येतो. परिसरातील प्रश्नाची नोंद, जबाबदारीचा शोध, सर्व बाजूंचे श्रवण, अर्जलेखन आणि पाठपुरावा या टप्प्यांनी पाठ घेता येतो. हक्क आणि वास्तव यांतील विसंगती शिक्षकाने लपवू नये, तिची चर्चा करताना मात्र विद्यार्थ्याची प्रतिष्ठा जपावी.

४.४ पारिभाषिक शब्द

उद्देशिका : संविधानाची उद्दिष्टे व मूल्ये सांगणारी प्रस्तावना.
संविधानिक नैतिकता : संविधानातील मूल्ये व कार्यपद्धती यांविषयी आदर बाळगून केलेले वर्तन.
उचल : मजुरीपोटी कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम.

४.५ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘प्रजा’ आणि ‘नागरिक’ या शब्दांतील अर्थभेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. नवीन कर्मणी प्रयोगाचा नागरिकशास्त्राच्या आकलनावर कोणता परिणाम होतो, ते लिहा.
३. शहरी भागातील विद्यार्थ्यांसाठी कचरा संकलन या प्रश्नावर पाच टप्प्यांची पाठयोजना तयार करा.

क्षेत्रीय कार्य : आपल्या गावच्या ग्रामसभेस किंवा आपल्या प्रभागातील एखाद्या सार्वजनिक बैठकीस उपस्थित राहा. कोण बोलले, कोण बोलले नाही आणि कोण आलेच नाही, याची नोंद करून दोन पृष्ठांचा वृत्तान्त लिहा. वृत्तान्तातील प्रत्येक वाक्याला कर्ता असावा.