आवाजाचे औषध आणि आवाजाचा अपाय

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की प्रवरेच्या काठावरील आपल्या बेलापूर परिसराची झोप मोडते. रात्री-अपरात्री उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मोठमोठ्याने गाणी लावून जातात. ज्या घरात कोणी आजारी आहे किंवा कोणाची दहावी-बारावीची परीक्षा आहे, त्या घरातील माणसे कूस बदलत राहतात. उलट पहाटे विहारात चार माणसे एकत्र बसून संथपणे त्रिसरण-पंचशील म्हणू लागली, की ऐकणाऱ्याचे मन आपोआप स्थिर होते. दोन्हीकडे आहे तो आवाजच. मग एक आवाज माणसाला निववतो आणि दुसरा हैराण करतो, असे का व्हावे?

ध्वनी आणि संगीत यांच्या साहाय्याने आरोग्य व विश्रांती मिळविण्याच्या पद्धतीला संगीतोपचार म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत त्याचा उपयोग होऊ लागला आणि 1944 साली अमेरिकेतील मिशिगन येथे त्याचा विद्यापीठीय अभ्यासक्रम सुरू झाला. आज या विषयावर खरे संशोधन बरेच झाले आहे आणि खोटी जाहिरातही तितकीच आहे. आपण बुद्धाचे आणि बाबासाहेबांचे अनुयायी आहोत. कोणतीही गोष्ट तपासून घ्यावी, ही आपली शिकवण. त्या कसोटीवर हा विषय सभासद बंधू-भगिनींपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, एवढाच आमचा हेतू आहे.

बुद्धवचनातील ध्वनीविचार

भगवान बुद्धांच्या काळी सोण कोळिविस नावाचा एक श्रीमंत घरातील तरुण भिक्खू झाला. राजगृहाजवळील सीतवनात त्याने चंक्रमणाचा इतका अतिरेक केला की त्याचे पाय रक्तबंबाळ झाले. तरीही मन शांत होईना. संघ सोडून घरी परत जावे, असा विचार त्याच्या मनात आला. तेव्हा भगवंतांनी त्याला त्याच्याच अनुभवातला प्रश्न विचारला, कारण गृहस्थ असताना तो वीणा उत्तम वाजवीत असे. तार फार ताणली तर वीणा नीट वाजते काय? नाही. फार सैल सोडली तर? तरीही नाही. ती सम लावली तरच स्वर निघतो. साधनेचेही तसेच आहे, हे सोणाला कळले. मध्यम मार्ग समजावून देण्यासाठी तथागतांना वाद्याचा दाखला योग्य वाटला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

आजारपणातील पठणाचे दाखलेही त्रिपिटकात आहेत. महाकस्सप आणि महामोग्गल्लान हे थेर आजारी असताना भगवंतांनी त्यांना सात बोज्झंग ऐकविले. स्वतः भगवंत आजारी असताना त्यांनी महाचुन्द थेरांकडून तेच बोज्झंग म्हणवून घेतले. भिक्खू गिरिमानंद यांच्या आजारात आनंदांनी त्यांना दहा संज्ञांचा उपदेश ऐकविला. पुढे श्रीलंका, म्यानमार, थायलंड या देशांत परित्त-पठणाची जी परंपरा वाढली, तिचे मूळ येथे आहे.

परंतु हा मंत्रतंत्र नव्हे. सात बोज्झंग म्हणजे स्मृती, धम्मविचय, वीर्य, प्रीती, प्रश्रब्धी, समाधी आणि उपेक्षा. प्रश्रब्धी म्हणजे शरीराची व मनाची निवांत अवस्था. ऐकणाऱ्याने अर्थ जाणावा आणि त्याप्रमाणे मन लावावे, हे त्यात अपेक्षित आहे. राजा मिलिंदाने भिक्खू नागसेनांना परित्ताविषयी अवघड प्रश्न विचारला, तेव्हा ज्याचे आयुष्यच सरले आहे त्याला परित्त वाचवू शकत नाही, असे नागसेनांनी स्पष्ट सांगितले. भगवंतांनी वैद्य जीवकाकडून उपचार घेतले आणि भिक्खूंना कोणती औषधे चालतील याचे नियम विनयात घालून दिले. म्हणजे पठण होते आणि औषधही होते. एकाने दुसऱ्याची जागा घेतली नव्हती.

धम्म लांबलचक ताना घेऊन गाण्यातील पाच दोषही भगवंतांनी सांगितले आहेत. गाणारा स्वतःच्या गळ्यावर लुब्ध होतो, ऐकणारे आवाजात गुंततात, गृहस्थ नावे ठेवतात, सुरांच्या नादात समाधी भंगते आणि पुढील पिढी तेच अनुकरण करते. साध्या, स्वरयुक्त पठणाला मात्र अनुमती आहे. आवाज साधन आहे, साध्य नव्हे, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

शरीरात काय घडते?

2001 साली इटलीतील डॉक्टर बर्नार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 23 निरोगी व्यक्तींवर एक प्रयोग केला. त्यांनी या व्यक्तींना ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि तिबेटी बौद्धांचा सहा अक्षरांचा मंत्र म्हणावयास लावले. दोन्ही वेळी श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली. एरवी ती साधारण 12 ते 20 असते. या संथ गतीला हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांचे चढउतार एका लयीत येतात व रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर होते, असे त्यांना आढळले.

या प्रयोगातील खरा बोध विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावा. दोन धर्म, दोन भाषा, दोन वेगळे अर्थ. पण शरीरावरील परिणाम एकच. म्हणजे गुण अक्षरांच्या जादूत नसून संथ श्वासात, लयीत आणि एकाग्रतेत आहे. शब्दांचा अर्थ मनाला दिशा देतो, तर लय शरीराला विसावा देते. बुद्धवंदना घाईघाईने, एका दमात उरकून टाकली तर हा लाभ कसा होणार?

आयाबायांचा ठेवा

संगीतोपचार हा शब्द आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक नव्हता, पण ती गोष्ट त्यांच्या हाती होती. पहाटे जात्यावर बसून दळताना त्या ओव्या गात. जात्याच्या फेऱ्याबरोबर ओवीची लय चाले, श्रम हलके होत आणि मनातले दुःख ओठांवर येई. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात बाबासाहेबांवर आणि बुद्धांवर आपल्या मायबहिणींनी रचलेल्या ओव्याही आहेत. ज्यांना अक्षर शिकू दिले नाही, त्यांनी आपला इतिहास सुरांत जपून ठेवला.

पाळण्याचेही तसेच आहे. अमेरिकेतील 11 रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या 272 बाळांवर झालेला अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. आईवडिलांच्या आवडीचे अंगाईगीत बाळाजवळ प्रत्यक्ष, हळू आवाजात गायिले असता बाळाच्या हृदयाचे ठोके संथ झाले आणि आईवडिलांची चिंताही कमी झाली. भीमजयंतीला पाळणा म्हणणाऱ्या आपल्या भगिनींनी तोच मृदू स्वर घरातील तान्ह्यासाठीही राखून ठेवावा. मोबाईल हातात देऊन बाळ गप्प होते, पण त्याला आईचा आवाज मिळत नाही.

काय होते आणि काय होत नाही

शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवरील 70 हून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. संगीत ऐकणाऱ्या रुग्णांची वेदना व चिंता कमी झाली आणि त्यांना वेदनाशामक औषधेही कमी लागली. रुग्णालयातील मुक्कामाचे दिवस मात्र कमी झाले नाहीत. निद्रानाश असलेल्यांना रोज संथ संगीत ऐकल्याने झोप चांगली लागल्याचे समाधान मिळते, असेही आढळले आहे.

याउलट अमुक रागाने मधुमेह जातो, अमुक कंपनसंख्येने पेशी दुरुस्त होतात, असे जे दावे मोबाईलवर फिरतात त्यांना आधार नाही. तिबेटी वाट्या म्हणून महागड्या किमतीला विकल्या जाणाऱ्या भांड्यांचा नाद कानाला गोड लागेल, परंतु पालि त्रिपिटकात वाट्या वाजवून रोग बरा केल्याचा कोठेही उल्लेख नाही. रक्तदाबाची गोळी, इन्सुलिन किंवा क्षयाचे औषध बंद करून कोणी वंदना वा संगीत यांवर विसंबून राहू नये, हे आम्ही कळकळीने सांगतो. मन सतत खिन्न राहात असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटावे अथवा शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर बोलावे. त्यात कमीपणा नाही.

कल्याणमित्र सत्यनारायण गोएंका यांचे उदाहरण येथे बोलके आहे. 1955 साली म्यानमारमध्ये ते अर्धशिशीने त्रस्त होऊन सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. केवळ डोकेदुखी घालविण्यासाठी धम्म मागू नका, असे गुरूंनी त्यांना सुनावले. पुढे मनःशुद्धीच्या साधनेबरोबर डोकेदुखीही गेली. त्यांनीच 1976 साली आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला धम्मगिरी केंद्र उभारले. तेथील दहा दिवसांच्या शिबिरात गाणे-बजावणे नसते, साधक मौन पाळतात. पहाटे धम्मपदांचे संथ पठण होते आणि नंतर शांतता. आवाज जितका महत्त्वाचा, तितकीच त्यानंतरची शांतताही महत्त्वाची.

घरी करावयाचा वीस मिनिटांचा अभ्यास

1. सकाळी उठल्यावर किंवा रात्री निजण्यापूर्वी पाठ ताठ ठेवून बसावे. मांडी घालता येत नसेल तर खुर्ची चालेल. मोबाईल बंद असावा.

2. दोन-तीन मिनिटे श्वास जसा येतो-जातो तसा नुसता पाहावा.

3. नंतर पाच मिनिटे त्रिसरण म्हणावे. नाकाने श्वास घ्यावा व श्वास सोडताना एकच ओळ म्हणावी. आवाज शेजारच्या खोलीत जाणार नाही इतका हळू असावा. दम कोंडू नये, तार ताणू नये.

4. तीन मिनिटे ओठ मिटून गुंजन करावे. गुंजनाने नाकातील नायट्रिक ऑक्साइड वायूचे प्रमाण सुमारे 15 पटीने वाढते, असे स्वीडनमधील संशोधकांना 2002 साली आढळले. त्याने सर्दी बरी होते असे मात्र सिद्ध झालेले नाही. छातीत उमटणारे कंपन शांतपणे अनुभवावे, एवढे पुरे.

5. पुढील सात मिनिटे मौन ठेवून आनापान करावे.

6. शेवटी दोन मिनिटे स्वतःसाठी, घरच्यांसाठी व ज्यांच्याशी वैर आहे त्यांच्यासाठीही मैत्रीभावना करावी.

झोप येत नसेल त्यांनी अंथरुणावर पडल्यावर अर्धा-पाऊण तास आवडीचे संथ वाद्यसंगीत हळू आवाजात ऐकावे. रुग्णाला काय ऐकवायचे ते रुग्णालाच विचारावे, कारण आपल्या आवडीचे गाणे त्याला त्रासाचे होऊ शकते. परीक्षेला जाण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी तिसरी पायरी पाच मिनिटे केली तरी धडधड कमी होते.

आपल्या मिरवणुकीचा आवाज

आता एक अप्रिय पण आवश्यक गोष्ट. कानाच्या आत शंखाकृती भागात सुमारे 15,000 सूक्ष्म केसपेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आवाज 10 डेसिबलने वाढला म्हणजे त्याची तीव्रता दहापट होते. 85 डेसिबलचा आवाज आठ तास ऐकणे ही सुरक्षिततेची मर्यादा मानतात आणि 100 डेसिबलला ती मर्यादा अवघ्या 15 मिनिटांवर येते. भिंतीसारखे रचलेले डीजेचे स्पीकर शंभराच्या वर सहज जातात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्याभोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र मानता येतो.

दुसऱ्यांच्या उत्सवातील गोंगाटाला आपण नावे ठेवतो. पण 14 एप्रिलला आपल्याच मिरवणुकीत आपलीच तान्ही बाळे, हृदयविकाराचे आजोबा आणि अभ्यास करणारी मुले हादरतात, त्याचे काय? हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो. बाबासाहेबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात व्हायोलिन शिकावयास घेतले होते. दिवसभर ग्रंथांत बुडालेल्या त्या महामानवालाही सुरांचा विसावा हवासा वाटला. भीमराव कर्डक यांच्या जलशाने आणि सिन्नर तालुक्यातील देशवंडीत जन्मलेल्या वामनदादा कर्डक यांच्या गीतांनी बाबासाहेबांचा विचार खेड्यापाड्यांत पोहोचविला. त्यांच्याजवळ स्पीकरच्या भिंती नव्हत्या. ढोलकी होती, पेटी होती आणि ऐकणाऱ्याला कळतील असे शब्द होते. शब्द कानठळ्यांत बुडाले तर प्रबोधन कशाचे?

म्हणून आमची सूचना अशी आहे की जयंतीच्या मिरवणुकीत डीजेऐवजी लेझीम आणि भीमगीते गाणारी आपली मुले-मुली असावीत. दवाखान्याजवळ वाद्ये थांबवावीत. वाचलेल्या पैशांतून विहारात पुस्तके घ्यावीत. दर रविवारी वंदनेनंतर वीस मिनिटांचा वरील अभ्यास सर्वांनी मिळून करावा व आजारी सभासदाच्या घरी जाऊन, त्याची इच्छा असेल तर, संथ पठण करावे. आजाऱ्याजवळ चार माणसे येऊन शांतपणे बसली, हेच पुष्कळदा मोठे औषध ठरते.

सोणाने वीणेची तार सम लावली आणि त्याला मार्ग सापडला. आपल्या घरातील, विहारातील आणि रस्त्यावरील आवाजाची तारही आपण सम लावू या.

नमो बुद्धाय! जय भीम!