उन्हाळ्यातलं जवळचं गाणं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

युरोपात उन्हाळा आला की गाणं गावाला जातं. शहरांतली मोठी सभागृहं महिना-दोन महिने बंद असतात, शंभर-शंभर वादकांचे ताफे सुटीवर जातात, आणि चार-पाच जणांचं संगीत एखाद्या खेड्यातल्या चर्चमध्ये, जुन्या वाड्यात, नाहीतर धान्याच्या कोठारात जाऊन बसतं. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ऑल्डबरो नावाचं कोळ्यांचं गाव आहे. बेंजामिन ब्रिटन हा संगीतकार तिथं राहायचा. त्यानं १९४८ साली आपल्या मित्रांसह जून महिन्यात तिथं गाण्याचा उत्सव सुरू केला. पुढं ऐकणारे वाढले, तेव्हा १९६७ मध्ये जवळच्या स्नेप गावातल्या, बिअरसाठी सातू भिजवण्याच्या जुन्या इमारतीचं सभागृह केलं. ऑस्ट्रियात होहेनेम्स या छोट्या गावी १९७६ पासून फ्रान्झ शूबर्टच्या नावानं असाच उत्सव सुरू झाला. या संगीताला तिकडं ‘चेंबर म्युझिक’ म्हणतात. चेंबर म्हणजे खोली. खोलीत मावेल एवढं संगीत.

आता हे मराठीत कसं सांगायचं? सोपं आहे. आपण त्याला बैठक म्हणतो, मैफल म्हणतो. मैफल हा शब्द अरबीतून फारसी-उर्दूच्या वाटेनं आपल्याकडं आला आणि इथलाच होऊन राहिला. माझ्यासारख्या मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला हा शब्द उच्चारताना नेहमी घरात शिरल्यासारखं वाटतं, हे जाता जाता सांगतो.

खोलीतल्या संगीताचा पहिला कायदा असा, की प्रत्येक आवाजाला एकच माणूस. मोठ्या ऑर्केस्ट्रात वीस व्हायोलिनं एकच ओळ वाजवतात. त्यातलं एक थांबलं तरी तुम्हाला कळणार नाही. चौघांच्या वाद्यमेळात, म्हणजे दोन व्हायोलिनं, एक व्हिओला आणि एक चेलो असतात तिथं, एकाचा हात चुकला तर लपायला जागा नाही. दुसरा कायदा, हातात छडी घेऊन उभा राहणारा कुणी नाही. एकमेकांच्या डोळ्यांकडं, श्वासाकडं बघून वाजवायचं. आपल्या बैठकीत गवई, तबलजी, पेटीवाला आणि मागं तानपुऱ्यावर बसलेले शिष्य यांचं काय वेगळं असतं? फरक एवढाच, की त्यांचं बहुतेक लिहिलेलं असतं आणि आपलं बहुतेक तिथंच घडतं. समेवर येताना गवयाची आणि तबलजीची जी नजरानजर होते, ती दहाव्या रांगेनंतर दिसत नाही. म्हणून खोली लहान हवी. आणि पंखा बंद हवा. उन्हाळ्यात हे सांगणं क्रूरपणाचं वाटेल, पण छताचा पंखा तानपुऱ्याचा निम्मा झणत्कार खाऊन टाकतो.

आपला गाण्याचा मोसम हिवाळ्याचा. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालत आला आहे, तोही डिसेंबरातला. उन्हाळ्यात आपल्याकडं रामनवमीचे उत्सव आणि लग्नं. पण माझ्या मते मराठीतला सर्वांत मोठा गीतसंग्रह जन्मला तो ऐन उन्हाळ्यात, आणि तोही रेडिओवर. १ एप्रिल १९५५, रामनवमीचा दिवस. पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. ग. दि. माडगूळकर दर आठवड्याला एक गीत लिहीत होते, सुधीर फडके त्याला चाल लावत होते, आणि वर्षभर चाललेल्या या उद्योगातून छप्पन्न गीतं झाली. प्रत्येक गीत कुणा एका पात्राच्या तोंडी. एका कवीची एका सूत्रात बांधलेली अनेक गीतं एकाच संगीतकारानं स्वरबद्ध करायची, याला जर्मन लोक गीतमाला म्हणतात आणि त्यांच्याकडं त्याचा मोठा मान आहे. शूबर्टनं १८२७ मध्ये विल्हेल्म म्युलर या कवीच्या चोवीस कविता घेऊन हिवाळ्यातल्या प्रवासाची अशी एक माला केली. शूबर्ट जगला अवघी एकतीस वर्षं आणि गीतं केली सहाशेहून जास्त. त्यातली पुष्कळशी आधी ऐकली गेली ती मित्रांच्या दिवाणखान्यात.

या प्रकाराला भावगीत म्हणायला माझी हरकत नाही. आधी कविता, मग चाल, हा दोघांचाही क्रम. गजानन वाटवे (१९१७ ते २००९) कवींच्या कविता निवडून, त्यांना स्वतः चाली लावून चौकाचौकांत गात, तेव्हा मराठी माणूस पहिल्यांदाच मोठ्या संख्येनं आधुनिक कविता कानानं वाचायला लागला. पण कवी म्हणून मला इथं थोडी कुरकुर करायचीय. चाल लावणारा कवितेचं काय करतो? पाच कडव्यांतली दोन गाळतो. जी ओळ कवीनं एकदाच, हळूच म्हटली असते, ती ध्रुवपद करून सहा वेळा म्हणायला लावतो. गटे या महाकवीच्या कवितांवर शूबर्टनं केलेली गीतं १८१६ मध्ये मित्रांनी त्याच्याकडं मोठ्या आशेनं पाठवली. गटेनं ती एका शब्दाचंही उत्तर न देता परत केली. संगीताचे इतिहासकार याबद्दल गटेला आजवर बोल लावतात. मला त्याची बाजू कळते. त्याला साधी, कडव्यामागून कडवं तशीच येणारी चाल आवडे, कारण तीत शब्द वर राहतो. शूबर्टचा पियानो मात्र मागं बसून नुसती साथ करत नाही. घोडा दौडतो, चरखा फिरतो, आणि कवीनं न लिहिलेलंही सांगून जातो. मंगेश पाडगांवकर आणि श्रीनिवास खळे यांच्यासारखी जोडी जमली, तर कवीचं नुकसान होत नाही. पण अशा जोड्या किती?

आमच्या घरात मुशायऱ्यांचं वेड होतं. तिथं काही शायर आपली गझल ‘तरन्नुम’मध्ये म्हणत. तबला नाही, पेटी नाही, धड राग म्हणावा तर तोही नाही. आपल्याच शब्दांना आपल्याच गळ्याचा सूर लावायचा. कविता आणि गाणं यांच्या मधल्या उंबऱ्यावरची ती जागा. खोलीतल्या गाण्याचा सर्वांत स्वस्त प्रकार तोच.

हे सगळं मी जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात का बोलतोय, ते आता सांगतो. जव्हार समुद्रसपाटीपासून दीड हजार फुटांच्या आसपास. ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर म्हणून त्याची ओळख करून देत, पुढं १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला तरी ती पाटी गेली नाही. मुकणे राजांचं संस्थान, राजवाडा, दाभोसाचा धबधबा, संध्याकाळचा गार वारा. त्यामुळं गाण्याची आवड असलेला शहरातला कुणीही इथं आला, की चार दिवसांत म्हणतो, ‘इथं उन्हाळ्यात एक संगीतमहोत्सव पाहिजे.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता मी त्यांना विचारतो, ‘आहे तो ऐकलात का?’

इथला उन्हाळी मोसम होळीनंतर सुरू होतो. भातकापणी झाली की या भागातली माणसं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, वसई-भिवंडीकडं कामाला जातात. पण होळीला माणूस गावी येतोच. आणि मग गावोगाव बोहाडा लागतो. मोखाड्याचा जगदंबेचा बोहाडा सर्वांना ठाऊक आहे. रात्री, पूर्वी टेंभ्यांच्या उजेडात, गणपती, शारदा, नृसिंह, त्राटिका, रावण अशी सोंगं मोठाले मुखवटे चढवून एकेक करून नाचत येतात, आणि पहाटेपर्यंत हे चालतं. मुखवटे बघायला, फोटो काढायला पुष्कळ लोक येतात. कानानं बोहाडा बघणारे थोडे.

वाद्यं किती? संबळ आणि सनई. संबळाला दोन तोंडं, एक धीरगंभीर, एक कडक. दोन काठ्यांनी वाजतो, त्यातली एक टोकाला वळलेली असते. सोंगागणिक चाल बदलते. गणपतीची पावलं वेगळी, राक्षसाची वेगळी. मुखवट्याच्या आत असलेल्या माणसाला धड दिसत नाही. डोळ्यांच्या भोकांतून जेवढं दिसेल तेवढंच. तो नाचतो ते कानाच्या भरवशावर. संबळवाला त्याच्या पायांकडं बघून ठेका आवळतो किंवा सैल सोडतो, आणि सनईवाला दोघांवर सूर पसरतो. छडीवाला नाही, लिहिलेला कागद नाही, प्रत्येक आवाजाला एकच माणूस. मघाशी सांगितलेले कायदे इथं तंतोतंत लागू पडतात, फक्त खोलीच्या जागी वेशीपासून देवळापर्यंतचा रस्ता.

उन्हाळाच का, यालाही वाद्यांचं कारण आहे. श्रावणात या डोंगरात हवा इतकी ओली असते, की चामडं सैल पडतं आणि काठी मारली की थप्प असा मेलेला आवाज येतो. चैत्राच्या कोरड्या रात्री तेच चामडं ताणलं जातं, संबळ दूरच्या पाड्यापर्यंत ऐकू जातो. तारप्याचा मोसम निराळा. दुधीभोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानाचं तोंड आणि मेण, यांचं हे वाद्य भात पिकू लागलं की बाहेर निघतं. जव्हारजवळच्या वाळवंडा गावचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यासारखी माणसं श्वास न तोडता वाजवतात, गालात हवा साठवून नाकानं नवी घेतात. पण हा उन्हाळ्याचा विषय नव्हे, म्हणून पुढं जातो.

उन्हाळ्यात लग्नं असतात, आणि वारली लग्न लावते ती धवलेरी. भिंतीवर चौक लिहिला जातो, त्यात पालघट देवी असते, आणि धवलेरी बाया गाऊन लग्न लावतात. मंत्र म्हणा, गीत म्हणा, विधी म्हणा, सगळं तेच. भिंतीवरचा चौक आज जगभर फ्रेममध्ये लागतो. जिव्या सोमा म्हसे यांनी तो कागदावर आणला आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चौकासमोरचं गाणं मात्र घरातच राहिलं. एका म्हाताऱ्या धवलेरीला मी एकदा म्हटलं, ‘आजी, नुसते शब्द सांगा, मी लिहून घेतो.’ तिनं सुरुवात केली, दोन ओळींवर अडली, मग गायला लागली तेव्हा कुठं पुढचे शब्द आले. ‘गाण्याशिवाय नाय येत, बाबा,’ म्हणाली. आम्ही कवी आधी शब्द लिहितो आणि मग चालीसाठी दार ठोठावतो. तिच्याकडं शब्द चालीच्या पोटातच राहतात. गटे आणि शूबर्ट यांचं भांडण तिला समजावून सांगायला मला जमलं नसतं.

तर उन्हाळी महोत्सव हवा का? हवा, पण माझ्या काही अटी आहेत. पहिली पाण्याची. मोखाड्यात एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळाला जातात आणि पाड्यापाड्यांवर टँकरची वाट बघितली जाते. याच तालुक्यात मध्य वैतरणा धरण आहे, २०१४ मध्ये पुरं झालेलं, आणि त्याचं पाणी मुंबईला जातं. मुंबईचे पाचशे श्रोते मे महिन्यात इथं आणून त्यांना हॉटेलात आंघोळी घालायच्या आणि वर खाली उतरलेल्या विहिरीकाठी ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ असा फलक लावायचा, हे मला जमणार नाही. यायचं तर होळीनंतरच्या पंधरवड्यात यावं. तेव्हा पाणीही थोडं असतं आणि वाजवणारी माणसंही गावात असतात.

दुसरी अट भोंग्याची. लग्नात डीजे आला आणि सनईवाला मागं पडला, हे सगळीकडचंच आहे. बोहाड्यातही सनईपुढं माईक धरण्याची हौस वाढली आहे. कर्ण्यातून आलेली सनई एकाच जागेवरून किंचाळते. हातातली सनई सोंगाबरोबर चालते, वळते, जवळ येते, लांब जाते. हा चालण्यातला फरकच बोहाड्याचं संगीत आहे. माईक लावला की ते गेलं.

तिसरी अट पैशाची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शहरातल्या गवयाला बिदागी आधी ठरवून दिली जाते. संबळवाल्याला नारळ, टोपी आणि टाळ्या. संबळ-सनई वाजवणाऱ्याच्या पोराला वीटभट्टीवर रोज जेवढा पैसा मिळतो, तेवढा तरी एका रात्रीचा मिळाला पाहिजे. नाहीतर तो पोरगा भट्टीवर जाणार, आणि बापानं त्याला अडवू नये असंच मी म्हणेन. सोंगांच्या चाली शिकायला काही वर्षं लागतात. त्या काळात त्याच्या घरी चूल पेटायला हवी.

आणि पाहुणे कलावंत? जरूर यावेत. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीला दरवर्षी गायक-वादक येऊन हजेरी लावतात, तशी इथंही लावावी. दुपारी एखाद्या आश्रमशाळेच्या खोलीत, पंखे बंद करून, पन्नास जणांसमोर वृंदावनी सारंग गावा, तिन्हीसांजेला कुणा कवीची दोन-चार गीतं म्हणावीत, आणि रात्री श्रोता होऊन बोहाड्याला बसावं.

नाशिकहून त्र्यंबकेश्वरमार्गे मोखाड्याला एसटीनं येता येतं. रात्री उशिरानं गार वाटतं, एक शाल ठेवा. सोंगाच्या तोंडासमोर गर्दी असते, तिथं जाऊ नका. संबळवाल्याच्या डाव्या-उजव्या हाताला चार पावलांवर उभे राहा आणि मुखवट्याऐवजी त्याच्या नजरेकडं बघा; पाऊल बदलण्याआधी ती किंचित खाली जाते.